हलका चाप आणि आखूड स्क्रू

अमेरिकेत ओहायोमध्ये स्थायिक झाल्यावर काही वर्षांनी मी नेमबाजी शिकलो आणि गेल्या वर्षी एका दुकानातून स्मिथ अँड वेसनचे मॉडेल १० हे वापरलेले रिव्हॉल्व्हर विकत घेतले. चार इंची नळी, सहा काडतुसांचे सिलिंडर आणि .३८ स्पेशल काडतूस, असे हे साधे आणि भक्कम हत्यार आहे. त्याची परंपरा १८९९ पर्यंत मागे जाते, 'मॉडेल १०' हे नाव १९५७ मध्ये मिळाले आणि अमेरिकी पोलिसांच्या कमरेला ते कित्येक दशके होते.

दुकानात शस्त्रखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरण्यापूर्वी मी जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नेहमीच्या तपासण्या विक्रेत्याची परवानगी घेऊन केल्या होत्या. चाप पूर्ण ओढलेला असताना सिलिंडर हलत नव्हते, प्रत्येक कप्पा वेळेवर नळीसमोर येऊन अडकत होता आणि नळीच्या मागच्या तोंडाला चिरा नव्हत्या. चाप मात्र विलक्षण हलका होता. वर्षानुवर्षांच्या वापराने आतले भाग एकमेकांवर घासून गुळगुळीत झाले असावेत असा मी समज करून घेतला, आणि खरे सांगायचे तर त्या चापासाठीच मी ते रिव्हॉल्व्हर घेतले.

पहिल्याच दिवशी रेंजवर सहापैकी दोन काडतुसे उडाली नाहीत. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे लागते, कारण काडतूस क्वचित उशिराही उडते. ती काडतुसे बाहेर काढली तेव्हा प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवर, हॅमरच्या (घाव घालणाऱ्या घोड्याच्या) टोकाचा खळगा होता, पण उथळ होता. शेजारच्या उडालेल्या काडतुसावरचा खळगा त्याच्या तुलनेत स्पष्टच खोल होता. दुसऱ्या प्रयत्नात दोन्ही उडाली. मी दोष काडतुसांना दिला आणि दुसऱ्या कंपनीची पेटी आणली. फुसक्या काडतुसांची संख्या कमी झाली, पण ती थांबली नाहीत. काही प्रायमर कठीण असतात आणि काही मऊ, त्यामुळे काडतूस बदलल्याने दोष झाकला जातो, जात नाही, हे मला तेव्हा उमगले.

खरा धागा हाती लागला तो रेंजवरच्या एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रश्नामुळे. "हॅमर अंगठ्याने मागे ओढून मारले तरी असेच होते का?" असे त्यांनी विचारले. तसे करून पाहिले, तर चोवीसपैकी चोवीस काडतुसे उडाली. नुसता चाप ओढून मारताना हॅमर थोड्या कमी अंतरावरून सुटतो, त्यामुळे घाव आधीच किंचित दुबळा असतो. हॅमरला ढकलणाऱ्या स्प्रिंगचा जोर अपुरा असला की तो पहिल्यांदा तिथेच जाणवतो.

तरीही थेट स्प्रिंगवर शिक्का मारणे मला योग्य वाटले नाही. सिलिंडर पुढे-मागे जास्त सरकत असेल तर घाव झेलताना काडतूस पुढे जाते आणि खळगा उथळ पडतो. म्हणून फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, नळी आणि सिलिंडर यांमधली फट मोजली. सिलिंडर मागे दाबून आठ हजारांश इंच आणि पुढे दाबून सहा, म्हणजे सिलिंडरला दोनच हजारांशांची सैल जागा होती आणि ती निर्दोष म्हणावी अशी होती. कप्पे ब्रशने घासून साफ केले, कारण काजळीमुळे काडतूस पूर्ण आत बसले नाही तर पहिला घाव ते आत ढकलण्यातच जातो. हॅमरचे टोकही गोल आणि अखंड होते.

मग पेन्सिलीचा जुना प्रयोग केला. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवली, सहाही कप्पे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासले, पेन्सिल रबराच्या बाजूने नळीत सोडली आणि नळी वर धरून चाप ओढला. पेन्सिल जेमतेम वीतभर उडाली. मित्राच्या तशाच रिव्हॉल्व्हरमध्ये तीच पेन्सिल हातभर उंच गेली.

आता मूठ उघडायची होती. मुठीचा स्क्रू काही फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेच ठोकले की पलीकडचे लाकूड सुटते; ते नखाने किंवा पात्याने उचकटू नये, कडा तुटतात. आत पट्टीसारखी मुख्य स्प्रिंग असते आणि मुठीच्या पुढच्या कडेला, खालच्या बाजूला, तिला दाबून कमान देणारा एक छोटा स्क्रू असतो. तो सैल सापडेल अशी माझी अपेक्षा होती, पण तो पूर्ण आवळलेला होता. म्हणजे स्प्रिंगच थकली, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. सहज म्हणून तो स्क्रू बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. टोक सपाट होते आणि त्यावर कानशीचे तिरके ओरखडे एका दिशेने उमटलेले होते. आधीच्या कुणीतरी चाप हलका करण्यासाठी तो घासला होता.

भारतात शस्त्रदुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. इथे अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे क्रमांक असलेली मूळ चौकट. स्क्रू आणि स्प्रिंग टपालाने घरी येतात. मी दोन्ही मागवले, पण आधी स्क्रूच बदलला, कारण दोन भाग एकदम बदलले असते तर दोष कशात होता ते कधीच कळले नसते. कॅलिपरने मोजल्यावर जुना स्क्रू सुमारे अर्ध्या मिलिमीटरने आखूड निघाला. खाचेत नेमके बसणारे पाते वापरून नवा स्क्रू शेवटपर्यंत आवळला, तेव्हा स्प्रिंगची कमान नुसत्या डोळ्यांनाही वेगळी दिसली.

चापाचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, साडेसात पौंडांवरून अकरा पौंडांवर गेले. ज्या मऊपणावर मी भाळलो होतो तो गेला, याचे मला खरोखर वाईट वाटले. मऊ प्रायमरची काडतुसे वापरून तो हलका चाप राखावा, असाही विचार मनात येऊन गेला. परंतु ठरावीक काडतुसांवरच चालणारे रिव्हॉल्व्हर मला नको होते. त्यानंतर दोन शनिवारी तीन प्रकारची मिळून दीडशे काडतुसे निव्वळ चाप ओढून उडवली आणि एकही फुसके निघाले नाही. नवी स्प्रिंग अजून पाकिटातच आहे. घासलेला स्क्रू मी चिठ्ठी लावून त्याच पाकिटात ठेवला आहे.