इनटेकमधला चिकटा: वीतभर पाइपमध्ये सापडलेलं कारण

मागच्या नोंदीत गाडी चढाला दमते आणि वेग घेताना काळा धूर सोडते, इथवर आलो होतो. या दोन आठवड्यांत इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग, उतरवला. गाडी तीच, २००९ ची, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्हची कॉमन रेल डिझेल, १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेली.

पहिल्या शनिवारी इंटरकूलरकडून (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) येणारा पाइप काढला आणि आत बोट फिरवलं. बोटाला लागलं ते पातळ, तपकिरी तेल, तेही जेमतेम. तिथून वीतभर पुढे ईजीआरचा, म्हणजे जळलेला वायू परत आणणारा, पाइप हवेच्या वाटेला येऊन मिळतो. तो सांधा ओलांडला आणि एकदम काळा लगदा. वरून ओल्या डांबरासारखा मऊ, भिंतीपाशी मात्र स्क्रू ड्रायव्हरनेही पटकन निघणार नाही इतका कडक. मूळ भोक ५० मिलिमीटरचं, कॅलिपर लावला तर मोकळी वाट ३२ भरली. क्षेत्रफळात धरलं तर निम्म्याहूनही कमी. गाडी दमणार नाही तर काय?

तो वीतभराचा फरक मी बराच वेळ बघत बसलो, कारण सगळं त्यातच आहे. सांध्याच्या अलीकडे नुसतं तेल, पलीकडे तेल आणि काजळी. तेल येतं ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेस या इंजिनच्या तळाच्या पोकळीतला वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतोच, तो तेलाचे बारीक थेंब घेऊन टर्बोच्या आधी इनटेकमध्ये परत येतो. काजळी येते ईजीआरमधून. नायट्रोजनचे ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून जळलेला थोडा वायू पुन्हा आत सोडतात, आणि डिझेलच्या त्या वायूत काजळी असतेच. नुसती कोरडी काजळी बरीचशी हवेबरोबर निघून जाते, नुसतं तेल पुढे जाऊन जळतं. दोघं एकत्र आले की भिंत धरतात. जुन्या एमपीएफआय पेट्रोल गाड्यांत इंधन इनटेकमध्येच फवारतात, तिथे इंजेक्टरचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो आणि ती धुतली जाते. आपल्याकडे डिझेल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक धुणारं कोणीच नाही.

आता "डिझेलच खराब, गंधकाचं असेल" असं लगेच कोणीतरी म्हणतं. एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, भारत स्टेज ३ या जुन्या प्रदूषण निकषांच्या वेळी ही मर्यादा ३५० होती. तरी काजळी होतेच, कारण ती गंधकाची नसून अपुऱ्या जळलेल्या इंधनाच्या कार्बनची असते.

मग प्रश्न उरला, इतका थर आत्ताच का? वडील चालवायचे तेव्हा ही गाडी दर आठवड्याला नाशिक-मुंबई करायची, येताना भरल्या वजनाने कसारा घाट चढायची. पूर्ण जोर लागला की ईजीआर जवळजवळ बंद होतो आणि इंजिन चांगलं तापतं. आता ती रोज चार किलोमीटर मंडईपर्यंत जाते, सिग्नलला उभी राहते, परत येते. हलक्या जोरावर ईजीआर उघडा आणि भिंती गार, म्हणजे तेलाची वाफ थिजायला आयती जागा.

पण एवढ्यावर माझं समाधान होईना. स्कॅनर लावून रविवारी पहाटे चाळीस किलोमीटर हायवेला गेलो. कूलंट ६६ अंशांच्या वर जाईना. घरी येऊन थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढला, तर गार असतानाच तो दोन मिलिमीटर उघडा! दोरीला बांधून पातेल्यात पाण्यात सोडला, थर्मामीटर ठेवला, पाणी उकळेपर्यंत पाहिलं. त्यावर ८२ कोरलेलं आहे, म्हणजे तेवढ्या अंशांपर्यंत तो बंद राहायला हवा, हा मात्र बंद होतच नव्हता. म्हणजे लांब पल्ल्यावरही इंजिन कधी पुरतं तापलंच नाही. शिवाय डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, मागच्या सर्व्हिसला जास्त भरलेलं. क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमधून थेंब वाढतात.

सफाईबद्दल थोडक्यात, पण हे जपाच. मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा आहे, कॉस्टिक सोड्यात बुडवू नका, धातू खातो. मी रात्रभर डिझेलमध्ये भिजवला, लाकडी पट्टीने खरवडला, मग डिटर्जंट, गरम पाणी आणि दोन दिवस ऊन. हेडच्या आठही पोर्टमध्ये कापडाचे बोळे कोंबले होते, जोडण्याआधी मोजून आठ काढले. एकही आत राहिला तर व्हॉल्व्ह गेला. निघालेला चिकटा वजन केला, २७० ग्रॅम भरला. चालू डिझेल इंजिनच्या इनटेकमध्ये क्लीनर फवारायचा शॉर्टकट करू नका. इंजिन तेच इंधन समजून ताब्याबाहेर पळू शकतं, आणि सुटलेला तुकडा व्हॉल्व्हखाली अडकू शकतो.

ईजीआरला पत्रा लावून बंद करा, असं दोघांनी सुचवलं. मी करणार नाही. ते नायट्रोजनचे ऑक्साइड माझ्याच गल्लीत सुटणार, आणि ज्या तेलाने चिकटा धरला ते ब्रीदरमधून येतच राहणार.

नवा थर्मोस्टॅट बसवला, तेल खुणेवर आणलं, इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर साफ केला, गॅस्केट नवी घातली. परवा हायवेला कूलंट ८७ वर स्थिर होतं. तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेतला, आरशात धूर दिसला नाही. ब्रीदरचा ऑइल सेपरेटर अजून उघडायचा आहे, तो पुढच्या रविवारी. इंटरकूलरचा पाइप तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा काढून त्याच जागी बोट फिरवणार आहे.