टीव्हीवर दाखवलं होतं!

"अगं, मी स्वतः बघितलंय, टीव्हीवर दाखवलं होतं!" आज जेवताना काका ठामपणे म्हणाले. विषय दोन हजारांच्या नोटेतल्या चिपचा.

ती नोट मे २०२३ मध्ये मागे घ्यायचं ठरलं. चिपवरचा विश्वास मात्र अजून चलनात आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये काही हिंदी वाहिन्यांनी ग्राफिक्ससकट सांगितलं होतं की, या नव्या नोटेत जीपीएस चिप आहे, त्यामुळे जमिनीखाली १२० मीटरवर पुरलेली नोटही उपग्रहाला सापडेल. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या सुरक्षा वैशिष्ट्यांत धागा होता, वॉटरमार्क होता, चिप नव्हती. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनीही ही गोष्ट नाकारली. आणि जीपीएसचे उपग्रह फक्त सिग्नल पाठवतात, कुणाला शोधत नाहीत. ठावठिकाणा कळवायला नोटेतच ट्रान्समीटर हवा, त्याला वीज हवी. एखाद्या अभियंत्याला एक फोन केला असता तरी हे कळलं असतं.

मला काकांचा राग आला नाही. आयुष्यभर बँकेत नोटा मोजलेला माणूस, बातमी म्हणजे कुणीतरी तपासलेली गोष्ट असं धरून चालतो. राग येतो तो न तपासणाऱ्यांचा.

दावा जितक्या जोरात सांगितला, तितक्याच जोरात 'आमचं चुकलं' म्हटलं असतं, तर तेही काकांपर्यंत पोचलं नसतं का?