भाच्याची बुद्धिमापन चाचणी
बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आठ वर्षांच्या भाच्याची, जो घरी मराठी आणि शाळेत गुजराती बोलतो, नुकतीच बुद्धिमापन चाचणी झाली. शब्दार्थ विचारल्यावर तो अडखळला. लाल-पांढरे ठोकळे हाती येताच मात्र जीभ दातांत धरून त्याने नमुना भराभर जुळवला. १९०५ मध्ये बिने आणि सिमाँ या फ्रेंच संशोधकांनी पॅरिसमध्ये आपली चाचणी तयार केली, ती शाळेत जादा मदत लागणारी मुले ओळखण्यासाठी. वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुद्धिमापन चाचण्यांत मुले असोत वा प्रौढ, तुलना समवयस्कांशीच होते आणि सरासरी १०० धरतात. अहवालातला एकच आकडा वाचून ताई रडवेली झाली, याचे मला फार वाईट वाटले; भाषेचे आणि कृतीचे गुण वेगवेगळे समजावून सांगणे हे परीक्षकाचे कर्तव्यच होते.