आमची वाटचाल : मिल्किंग मशीनच्या गाळ्यातून गोठा सहलींपर्यंत

आमची फर्म मूळची मिल्किंग मशीन विकायची आणि दुरुस्त करायची. संगमनेरला एक गाळा, आत पल्सेटर खोलून बसलेला मुलगा, भिंतीला टांगलेले रबरी लायनर. आजही पोट त्यावरच भरतं. सहली आम्हाला गिऱ्हाइकांनी काढायला लावल्या. धारा काढायला माणूस मिळेना म्हणून मशीन घ्यायला आलेला शेतकरी हमखास म्हणायचा, "आधी कुठं चालू असलेलं दाखवा, मग पैशाचं बोलू." म्हणून ओळखीच्या गोठ्यांवर न्यायला लागलो. आधी क्रूझर, मग मिनीबस, आणि बघता बघता लोक मशीन न घेताही "आम्हाला नुसते गोठे दाखवा" म्हणून यायला लागले. तेव्हापासून आम्ही सहलीचे पैसे घेतो. फुकट आलेला माणूस गोठ्यात कमी आणि बसच्या दाराशी जास्त उभा असतो.

सगळ्यात जास्त मागणी मंचरच्या भाग्यलक्ष्मी डेअरी फार्मला. तिथला फिरता पार्लर, म्हणजे धारा काढायचा फिरता फलाट, बघण्यासारखा आहेच. गाय आपणहून गोल फलाटावर चढते, एका वेळी ५० गायी, फेरी संपेपर्यंत धार झालेली आणि गाय उलटी पावलं टाकत खाली. सगळ्यांचे मोबाईल वर. परतीच्या वाटेवर मात्र ठरलेलं वाक्य यायचं, "लई भारी, पण आपल्या कामाचं नाही." दावणीला बारा गायी असलेल्या माणसाचं ते म्हणणं खोटंही नाही. मग आम्ही सहलीची मांडणीच फिरवली. यंत्र शेवटी. आधी नोंदी. कोणती गाय कधी व्याली, कधी माजावर आली, किती वेळा उलटली (म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली), काल किती दूध आणि आज किती, हे तिथल्या माणसाला विचारायचं आणि तो ते कुठं बघतो यावर लक्ष ठेवायचं.

भिलवडीला चितळे डेअरीने आसपासच्या शेतकऱ्यांच्या म्हशींना आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारा ओळखीचा बिल्ला) लावून त्यांची माहिती संगणकावर ठेवली, ते काम समजून घ्यायलाही तुकड्या नेल्या. (पलीकडे औदुंबर आहे. दत्ताचं दर्शन धरलं नाही तर निम्मी गाडी रिकामी राहते, हा अनुभव आहे.) तिथून निघताना मी एकच विचारतो : सरकारी टोचणीवेळी तुमच्याही गाईच्या कानात १२ आकडी पिवळा टॅग बसलाय, त्या आकड्यापुढे तुम्ही काय लिहून ठेवलंय? बहुतेक जण हसतात.

हिशेब माजाचा आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज टिकतो जेमतेम अर्धा-पाऊण दिवस, तोही पुष्कळदा रात्री. उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून काही कळतच नाही. एक माज हुकला की तीन आठवड्यांचा खुराक अंगावर. गळ्यातला पट्टा किंवा पायातला पेडोमीटर गाईची हालचाल मोजतो आणि ती अचानक वाढली की फोनवर सांगतो. पट्टा रवंथही मोजतो. चांगली गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. ते घटलं की आजार अजून डोळ्यांना दिसायचा असतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुक्तसंचार गोठ्यावरची गोष्ट. स्क्रीनवर एका गाईची रवंथाची रेघ खाली आलेली. मालक ती समजावत होता, तोवर अकोल्याकडच्या एका आजी गाईपाशी गेल्या, कान चाचपले आणि म्हणाल्या, "कान गार पडलेत. काल-परवा व्यायलीय ना?" मिल्क फीव्हरच होता (व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम घटून होणारा आजार), डॉक्टर वाटेवरच होते. पोरं आजींवर खूश झाली, पट्ट्याची फजिती झाली असंच सगळ्यांना वाटलं. मालक म्हणाला, "आजी, तुम्ही आत्ता सांगितलं. ह्यानं मला पहाटे तीनला उठवलं." आजींनी पट्ट्याची किंमत विचारली.

२०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा साथीचा त्वचारोग आला आणि आम्ही सहली बंद केल्या. पुन्हा सुरू केल्या त्या गमबूट, औषधाच्या पाण्याचा ट्रे आणि एका दिवसात एकच गोठा या नियमावर.

परदेशात इस्रायल आणि नेदरलँड्स. इस्रायलमधल्या अफिकिम किबुत्झात गाईगणिक दूध मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मीटरचं काम १९७० च्या दशकातच सुरू झालं होतं. तरी आमच्या लोकांनी तिथून उचललं ते दुसरंच. धारेआधी गाई उभ्या राहतात त्या जागेत त्यांना भिजवायचं, पंख्याने वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे याइतकं उपयोगी काही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे युद्ध सुरू झाल्यापासून ती सहल थांबवली आहे.

नेदरलँड्समध्ये दूध काढणारा रोबोट १९९२ पासून गोठ्यात आहे. खुराकाच्या आशेने गाय आपणहून आत येते, यंत्र सड शोधतं, धुतं, कप लावतं. दुधाची विद्युतवाहकता वाढली तर कासदाहाची शंका म्हणून मालकाला कळवतं. एका यंत्रावर साठेक गाई, आणि किंमत कोटीच्या पुढे. तो घ्या असं मी कुणालाच सांगत नाही. त्याच गोठ्यात गव्हाणीपुढे फिरून वैरण आत ढकलणारं एक छोटं यंत्र असतं. ते बघून आलेले आमचे दोघं-तिघं आता दिवसातून चार-पाच वेळा फावड्याने मुरघास आत ढकलतात. त्याला पैसे पडत नाहीत.

आपल्याकडे जनावरांचा लाळ्या-खुरकूत हा साथीचा रोग आहे, नेदरलँड्समध्ये नाही. त्यामुळे तिथे स्वतःच्या चपला-बुटांवर गोठ्यात पाय ठेवता येत नाही, खाण्यापिण्याच्या दुधाच्या वस्तूही नेता येत नाहीत. पेढे घरीच ठेवा.

पुढची तुकडी दिवाळीनंतर, आधी मंचर आणि भिलवडी. जोडीने येणाऱ्यांना दुसऱ्या सीटवर सूट आहे, कारण बऱ्याच घरांत धारा बाई काढते आणि सहलीला पुरुष येतो. येताना गोठ्याची वही आणा. नसेल तर आम्ही एक देतो, ती निघायच्या आधी महिनाभर भरून आणायची.