गुऱ्हाळ, गुरुवार आणि आमचे २१० भाग

मी लिहिलेली टीव्ही मालिका संपून वर्ष होत आलं, तरी कोल्हापुरात गंगावेशीत चहाला थांबलो की कुणीतरी विचारतंच, "का ओ बंद केली? चांगली चालली होती की." चांगली चालली होती असं मला म्हणवत नाही. पण वाईट चालली म्हणून गेली, हेही पुरतं खरं नाही. वाहिनीचं आणि निर्मात्याचं नाव घेत नाही, अजून त्याच अंगणात वावरायचंय.

कल्पना दोन पानांची होती. बाप गेल्यावर करवीर तालुक्यातलं घरचं गुऱ्हाळ चालवणारी पोरगी. माझ्या चुलत्यांचं, आबांचं गुऱ्हाळ असल्यामुळे काहील म्हणजे रस आटवायची मोठी कढई, तिच्याखालचं चुलवण, उकळत्या रसावरची मळी काढणं हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. कागद घेऊन अंधेरीच्या ऑफिसात गेलो. गोष्ट विचारतील म्हणून रात्रभर बसमध्ये पाठ करत होतो. पहिला प्रश्न आला, "ही साडेसातची आहे की साडेआठची?"

मला कळेचना. मग तिथल्या कार्यकारी निर्मातीनं समजावलं. साडेसातला घरातली बाई ओट्याशी असते, तिचा कान टीव्हीकडे आणि हात भाकरीत. म्हणजे गोष्ट ऐकून कळली पाहिजे. साडेआठला ताटं वाढलेली असतात, तेव्हा सगळं घर बघतं, तिथं चेहरे चालतात. वाहिनी आधी वेळेचा रकाना रिकामा होणार का ते बघते, मग त्यात बसणारी गोष्ट शोधते. आमची साडेसातच्या रकान्यात बसली, कारण तिथली मालिका थकली होती. आमच्या गोष्टीत फार काही होतं असं नाही.

पुढचे चार महिने कागदच. पायलट म्हणजे पहिला भाग असा माझा समज होता. प्रत्यक्षात तीन प्रसंग, नायिकेच्या चार लुक टेस्ट आणि एक प्रोमो, एवढ्यावरच काम झालं. अमेरिकेत मोठी नेटवर्क्स पायलटचा अख्खा भाग काढून घेत, मे महिन्यात त्यातले निवडत, १३ भागांची ऑर्डर देत आणि आकडे बरे आले तर उरलेले ९ मागवून २२ चा हंगाम पुरा करत. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळातही १३ भागच मंजूर व्हायचे. ५२ आठवड्यांचं वर्ष, त्याची एक तिमाही म्हणजे १३. माझे वडील तर कुठल्याही मालिकेला "तेरावा भाग कधी?" असंच विचारायचे. रोजच्या मालिकेत हा हिशोब आठवड्यांवर आला. आमचा करार २६ आठवड्यांचा, आठवड्याला सहा भाग, म्हणजे १५६.

तो आकडा ऐकून मी घरी फोन करून पेढे सांगितले. निर्मात्यांनी मात्र करार माझ्यापुढे सरकवून एका ओळीवर बोट ठेवलं. चार आठवड्यांची नोटीस देऊन वाहिनी कधीही थांबवू शकते. म्हणजे २६ हा वाहिनीचा अंदाज होता, शब्द नव्हता. निर्मात्याचा जीव या आकड्यात का अडकतो, तेही तेव्हाच कळलं. समजा वाड्याच्या सेटला ३० लाख लागले. १५० भाग झाले तर एका भागावर २० हजारांचा बोजा पडतो, ६० भागांत गुंडाळलं तर ५० हजारांचा. आणि वाहिनी पैसे देते ते भागामागे. म्हणून मोरेवाडीच्या चित्रनगरीत आमचा वाडा उभा राहिला तो समोरून चिरेबंदी आणि मागून प्लाय. माडीवर जाणारा जिना सातव्या पायरीला संपत होता. "शंभर भाग झाले की पुढच्या पायऱ्या," असं कला दिग्दर्शक म्हणायचा.

डिसेंबरात मालिका सुरू झाली, हातात १८ भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेले भाग. मग गुरुवार सुरू झाले.

कुठली मालिका किती लोक बघतात हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात, शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत, आणि घरातला प्रत्येक माणूस टीव्हीसमोर बसताना आपापलं बटण दाबतो. ती घरं कुठली, हे कुणाला कळू देत नाहीत. कोल्हापुरात सगळे म्हणत, "आमच्या गल्लीत सगळे बघत्यात." आपल्या गल्लीत मीटर आहे की नाही, हे गल्लीला थोडंच ठाऊक! शिवाय वाहिनीच्या पुढ्यात असतो महाराष्ट्र-गोवा असा एक बाजार, आणि त्यात मुंबई-पुण्याकडे जाहिरातदाराचं लक्ष जास्त. वाहिनी विकते दहा-दहा सेकंदांचे तुकडे. तासाला १२ मिनिटांची मर्यादा, म्हणजे आमच्या अर्ध्या तासात असे ३६, त्यातले काही वाहिनीच्या स्वतःच्या प्रोमोत जातात. उरलेले काय भावानं जातात, तेवढाच प्रश्न.

आकडा एकटा कुणी बघत नाही, हे शिकायला मला दोन महिने लागले. आधीची मालिका त्या वेळेला किती आणत होती, सातच्या मालिकेनं आमच्या हातात किती माणसं दिली आणि आम्ही आठच्या हातात किती दिली, समोरच्या वाहिनीवर त्या आठवड्यात लग्न होतं की मरण, हे सगळं शेजारी मांडतात. आम्हाला सातची मालिका भरपूर माणसं देत होती. आमच्याकडे ती थोडी गळत होती.

गळती कुठे होते हेही दिसतं, मिनिटागणिक आलेख येतो. एका भागात गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पाक तपासतो असा दीड मिनिटाचा प्रसंग मी लिहिला होता. उलथन्यानं थोडा पाक पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळते का बघायचं, मान हलवायची. एकही वाक्य नाही. माझ्या मते आख्ख्या मालिकेत तोच एक खरा प्रसंग. आलेख नेमका तिथं खाली आला. "सर, साडेसातला शांतता चालत नाही," मुंबईहून फोन आला. मग आमचा गुळव्या अखंड बोलायला लागला, अगदी काहिलीवर वाकूनसुद्धा. आबांनी तो भाग बघितला आणि म्हणाले, "गुळव्या एवढा बोलाय लागला तर गुळाचा रवा कच्चाच राहायचा लेका."

मार्चअखेर आयपीएल आली, तीही साडेसातलाच. आकडे घसरले. पण वाहिनीनं ते मनावर घेतलं नाही, त्या दोन महिन्यांत सगळ्यांचंच घसरतं म्हणे. आम्ही सुटलो असं वाटलं. खरं तर निकाल नुसता पुढे गेला होता.

मे महिन्यात कुणी काही बोलेना. बोलत नाहीत तेव्हा बघायचं काय, हे आमच्या सेटवरच्या सुताराला चांगलं ठाऊक होतं. "साहेब, सातव्या पायरीच्या पुढचं लाकूड आलंय काय?" आलं नव्हतं. दुसरी खूण म्हणजे कार्यकारी निर्मातीचा सहज म्हणून आलेला फोन, "कथा गुंडाळायची झाली तर किती आठवडे लागतील? फक्त माहितीसाठी विचारतेय."

आणि मेच्या शेवटी १३ आठवडे वाढले! सेटवर नारळ फुटला, रात्री तांबडा-पांढरा झाला. "'तुझ्यात जीव रंगला' २०१६ ला सुरू झाली आणि २०२१ पर्यंत गेली, आपली बी जाईल," असं स्पॉटदादा ताटावर बसून सांगत होता. मला घास जाईना. आमची सगळी गोष्ट पेटलेल्या गुऱ्हाळावर, आणि हंगाम कधीच संपलेला. आबांचं चुलवण थंड, चिपाडं पावसाच्या भीतीनं झाकलेली. फेब्रुवारीत काहिलीची जादा दृश्यं घेऊन ठेवा म्हणून मी सांगितलं होतं, पण तेव्हा दिवसाला एक भाग निघायचीच मारामार. शेवटी आबांची एक जुनी काहील टेम्पोतून चित्रनगरीत आणली, पाण्यात जुना गूळ कालवून खाली गॅसच्या शेगड्या लावल्या. वाफ झकास आली. बघायला आलेल्या आबांनी एकच विचारलं, "आणि मळी कुठनं येणार?" कला दिग्दर्शकानं साबणाचा फेस सोडला.

वाढ का मिळाली, हे मला जूनच्या मध्यावर निर्मिती व्यवस्थापकानं चहाच्या गाडीवर सांगितलं. आमच्या जागी येणाऱ्या मालिकेची नायिका ऐनवेळी बदलली होती, तिथला सेट अर्धवट होता. आमचे आकडे त्याआधीच 'बघू' या रकान्यात गेले होते. म्हणजे आम्हाला मिळालेले आठवडे मुंबईतल्या कुठल्यातरी सुताराच्या हातात होते. आकडे जरा जरी वर असते तर त्या नव्या मालिकेला दुसरा रकाना शोधला असता, हेही त्यानंच सांगितलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला साडेसातवरून साडेसहाला टाकलं, आणि त्याच आठवड्यात चार आठवड्यांची नोटीस आली. साडेपाच महिने जपून ठेवलेलं बापाच्या मृत्यूचं रहस्य मी तीन भागांत उलगडलं. खलनायक मामा एका प्रसंगात सुधारला. २१० व्या भागाचं चित्रीकरण झालं त्या दिवशी पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली होता आणि निम्मी मंडळी शिरोलीकडून फिरून सेटवर पोचली. शेवटच्या महिन्याचं मानधन ९० दिवसांनी आलं.

सेट उतरवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी काहील परत द्यायला गेलो. कला विभागानं ती कॅमेऱ्यात उठावी म्हणून बाहेरून तांबडा रंग मारला होता. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, नखानं रंग खरवडून बघितला आणि पोराला हाक मारली, "जरा रॉकेल आन रं. दिवाळीच्या आत निघाय पायजे हे."