वॉरंट रद्द झालं, पण ठाण्यातून परत आलं नव्हतं

अजामीनपात्र वॉरंट रद्द करून घ्यायला न्यायाधीशांसमोर मला दहा मिनिटं लागली. ते रद्द झाल्याचं पत्र पोलीस ठाण्यात पोहोचायला मात्र अडीच महिने गेले. हे लिहितोय ते त्या पत्रासाठी. बाकीचं सगळं वकील सांगतात, पत्राचं कुणी सांगत नाही.

केस चेक न वटल्याची, कलम १३८ ची. कोर्ट मराठवाड्यातल्या एका तालुक्याचं आणि माझा राहता पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. १३८ चा गुन्हा जामीनपात्र, मग वॉरंट अजामीनपात्र कसं, असं बरेच जण विचारतात. हे वॉरंट तारखेला हजर न राहिल्याबद्दल निघतं, गुन्हा जामीनपात्र असला तरी निघतं. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये इंदर मोहन गोस्वामी खटल्यात सांगितला आहे. जामीनपात्र वॉरंटवर रक्कम लिहिलेली असते, तेवढ्या रकमेचा जामीन ठाण्यातच देऊन सुटता येतं. अजामीनपात्र हातात असेल तर हवालदाराला तुम्हाला कोर्टापुढे न्यावंच लागतं. म्हणून ‘माझ्या नावाचं काही आलंय का’ हे विचारायला स्वतः ठाण्यात जाऊ नका. वकिलाला पाठवा किंवा घरी बसून शोधा.

शोधायचं ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर. एमएचने सुरू होणारा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) असेल तर काम लगेच होतं. नसेल तर जिल्हा आणि तालुक्याचं कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधायचं. इथे नाव इंग्रजीत ज्या स्पेलिंगने चढवलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. आधी फक्त आडनाव टाका, मग फक्त नाव, मग स्पेलिंग बदलून. वर्ष म्हणजे केस नोंदवल्याचं वर्ष, चेक परत आल्याचं नव्हे. केसच्या प्रकारात चेकची केस बहुतेक वेळा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी केस) असते, पोलिसांनी दोषारोपपत्र दिलेली केस आर.सी.सी. (नियमित फौजदारी केस) असते. आपली केस सापडली की पुढच्या तारखेसमोरचा टप्पा वाचा, वॉरंट असेल तर तिथेच दिसतं. मग मागच्या प्रत्येक तारखेचं कामकाज उघडून वॉरंट कोणत्या तारखांना निघालं ते कागदावर उतरवून घ्या. हे मी केलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथून झाला.

कोर्टातला भाग थोडक्यात सांगतो. साडेदहाला पोहोचायचं. तारीख लांबची असेल तर केस आजच्या बोर्डावर घेण्याचा अर्ज आधी द्यायचा. फरारी आरोपी म्हणून जुनी केस सुप्त फाईलवर (न चालणाऱ्या केसेसच्या गठ्ठ्यात) गेली असेल तर ती फाईल रेकॉर्डमधून काढायला वेळ लागतो, वकिलाच्या कारकुनाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जात गैरहजेरीच्या तारखा, कारण आणि कारणाचा कागद (माझ्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं) जोडायचा. स्वतः हजर राहायचंच, नुसत्या वकिलावर सहसा रद्द होत नाही. अर्जावर आधी ‘दुसऱ्या बाजूचं म्हणणं’ असा शेरा पडतो, मग फिर्यादीचे वकील हरकत लिहितात, मग कॉस्ट (खर्चाची रक्कम) भरण्याच्या अटीवर आदेश होतो. आधीचा जातमुचलका जप्त झाला असेल तर नवा जामीनदार लागतो. त्याचा चालू सातबारा, आधार आणि फोटो सोबत ठेवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या आवारात बसावं लागेल. रोख जामिनाची परवानगीही मागता येते.

आता पत्र.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ७०) वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट ते रद्द करेपर्यंत जिवंत असतं. रद्दचा आदेश होतो फाईलमध्ये. मूळ वॉरंट त्या वेळी शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या ठाण्यात, वॉरंट बजावणाऱ्या अंमलदाराच्या गठ्ठ्यात असतं. त्याला आदेश कळवणारा एकच कागद म्हणजे कोर्टाचं पत्र. कोर्टात विचारलं की उत्तर ‘पत्र गेलंय’, ठाण्यात वकिलाने विचारलं की ‘आमच्याकडे आलंच नाही’. दोघंही खरं बोलत होते! जिल्ह्याबाहेरचं वॉरंट तिथल्या पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयामार्फत जातं, तसं रद्दचं पत्रही तिथेच गेलं होतं आणि आवकला नोंद होऊन पडलं होतं. जावक क्रमांक आणि तारीख हातात नसेल तर त्या कार्यालयात कुणी पत्र शोधूनही देत नाही. मी पहिल्या फेरीत जावक क्रमांकच घेतला नव्हता, म्हणून दुसरी फेरी.

तिसरी फेरी याहून वाईट कारणाने झाली. मी गैरहजर राहिलो त्या प्रत्येक तारखेला वॉरंट पुन्हा निघालं होतं. म्हणजे ठाण्यात एक नाही, तीन वॉरंटं पडली होती. रद्दच्या पत्रात तारीख फक्त शेवटच्या वॉरंटची. अंमलदाराने ते एक बाजूला काढलं आणि वकिलाला सांगितलं, बाकीची दोन चालू आहेत. कागदावर त्याचं बरोबर होतं. याचा राग मला अजून आहे, कारण पत्रात ‘आजपर्यंत काढलेली सर्व वॉरंटं’ एवढे चार शब्द असते तर हे टळलं असतं. वकिलाला सांगून हे शब्द रद्दच्या अर्जाच्या विनंतीतच लिहून घ्या. अर्जात असतील तर आदेशात येतात, आदेशात असतील तर पत्रात येतात.

याच अर्जात दुसरी विनंती करायची: पत्र हातबटवड्याने मिळावं. मंजूर झालं की लिफाफा आपल्याच हाताने नेता येतो. सोबत आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी तातडीने मागा, आणि त्या नकलेची झेरॉक्स वॉरंट परत येईपर्यंत खिशात ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी कुणी उचललं तर सुटीच्या दिवशीच्या रिमांड न्यायाधीशांसमोर तुमची फाईल नसते, तिथे ती नक्कलच बोलते.

ठाण्यात पत्र देताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याचा बक्कल नंबर घ्या. नुसती सही चालवून घेऊ नका, बदली झाली की सही कुणाची ते सांगायला कुणी नसतं. वॉरंट रजिस्टरला नोंद करून मूळ वॉरंट बजावणी न करता कोर्टाकडे परत पाठवायला सांगा.

लोकअदालतीत तडजोड करून केसच मिटवणाऱ्यांनीही हे पत्र विसरू नये. केस निकाली निघाली म्हणून ठाण्यातला कागद आपोआप परत येत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि उत्पन्नाच्या मर्यादेखालचे लोक यांना मोफत वकील मिळतो. वॉरंट माहीत असूनही गप्प बसलात तर पुढची पायरी त्याच संहितेच्या कलम ८४ ची उद्घोषणा (फरारी आरोपीने हजर व्हावं अशी कोर्टाची जाहीर सूचना), आणि तिला दाद न देणं हा वेगळा गुन्हा आहे.

पुढच्या तारखेला वकिलांनी फाईल पाहण्याचा अर्ज दिला. तिन्ही वॉरंटं ठाण्याच्या अहवालासह परत येऊन फाईलला लागली होती. नकलेची झेरॉक्स त्या दिवशी मी खिशातून काढली.