आईचा नवीन फोन आणि शिळी तिथी
रविवारी आईला नवीन फोन घेतला आणि मोठ्या हौसेने होम स्क्रीनवर पंचांगाचं विजेट (ॲप न उघडताच तिथी दाखवणारी चौकट) लावून दिलं, म्हटलं आता सारखा चष्मा शोधत भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहायला नको. आज सकाळी विजेटवर दशमी. आईने निवांत कांदेपोहे खाल्ले आणि दहा वाजता शेजारच्या काकू वाटीभर साबुदाणा मागायला आल्या तेव्हा कळलं की आज एकादशी आहे 🙈 मग जे काही ऐकलंय मी...

ऑफिसातून आल्यावर तासभर खटपट केली. तर झालं असं की अँड्रॉइडमध्ये विजेट म्हणजे काही अख्खं ॲप चालू नसतं, नुसता देखावा असतो, त्याला सिस्टीम ठराविक वेळानेच अपडेट करते, ते पण 30 मिनिटांच्या आत नाही, आणि वर या फोनने बॅटरी वाचवायची म्हणून ते ॲपच रात्री झोपवून टाकलेलं. बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' केलं तेव्हा कुठे एकादशी उगवली.

किराणा यादीचं विजेटपण लावलं होतं, पण त्यात थेट टाईप करता येत नाही, टॅप केलं की ॲपच उघडतं. मग आयकॉन काय वाईट होता? शिवाय ते लहानही होईना, त्यामुळे वॉलपेपरवरच्या नातवाचं अर्धं तोंड झाकलं गेलं, ही तक्रार वेगळीच.

आत्ता बघितलं तर आईने फोन चार्जिंगला लावलाय, बरोब्बर त्या कॅलेंडरखाली, आणि पुढच्या एकादशीवर लाल पेनाने गोल केलाय.